एअर रायफलसाठी घरच्या घरी लोखंडी टार्गेट: साइज किती, जाडी किती?

देवगडजवळच्या एका गृहस्थांनी विचारलं आहे. तेरा वर्षांच्या मुलाला .१७७ ची, म्हणजे ४.५ मिमी छर्ऱ्याची, साधी स्प्रिंगची एअर रायफल घेतली. कागदावर मारून मारून पोरगा कंटाळला, आता त्याला ‘टण्’ असा आवाज हवाय. चुलत्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. तिथे २ मिमीचा पत्रा, १२ मिमी प्लेटचे तुकडे, बिडाचं एक जुनं झाकण आणि ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचे तुकडे पडून आहेत. यातून टार्गेट करायची तर साइज आणि जाडी किती ठेवायची? काका म्हणतात, जाड तेवढं चांगलं, १२ मिमीच लाव, जन्मभर बघायला नको. जागा घरामागे, लांबी पंचवीस मीटरच्या आसपास, शेवटी चिऱ्याचा गडगा.

माझं रत्नागिरीकडे फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ग्रिल, गेट, शेड हे रोजचं काम, आणि मधल्या वेळात एअर रायफलवाल्या पोरांची टार्गेटं. त्या अनुभवावर सांगतो. हे सगळं शिशाचे छर्रे मारणाऱ्या साध्या एअर रायफलपुरतं आहे. काडतुसाच्या बंदुकीचं गणित वेगळं, त्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलंय.

काकांचं म्हणणं त्यांच्या धंद्यात बरोबरच आहे. गेटला, जिन्याला, जेटीच्या कामाला जाड माल लावला की तक्रार येत नाही. पण इथे टिकाऊपणाचा प्रश्न जवळजवळ नाहीच. .१७७ चा छर्रा म्हणजे जेमतेम अर्धा ग्रॅम शिसं. शिशाची ब्रिनेल कठीणता (धातू किती कठीण याचं माप) पाचच्या आसपास आणि साध्या एमएसची, म्हणजे माइल्ड स्टीलची, रोजच्या लोखंडाची, १२० च्या आसपास, म्हणजे एमएसपुढे शिसं लोण्यासारखंच. छर्रा प्लेटवर आदळून स्वतः चपटा होतो. प्लेटवर राखाडी ठिपका उरतो, बाकी काही होत नाही. ५-६ मिमीच्या एमएस प्लेटला साध्या स्प्रिंगच्या रायफलने भोक पडेल ही भीती मनातून काढूनच टाका.

मग जाडी बघायची ती वजनासाठी. टार्गेट लागल्यावर हललं पाहिजे, आणि वीस मीटरवरून ते दिसलं पाहिजे. पोराला हवं आहे ते तेच.

हिशेब सोपा आहे. लोखंडाचं वजन दर घनसेंटीमीटरला ७.८५ ग्रॅम. म्हणजे १०० बाय १०० मिमीचा, १२ मिमी जाडीचा चौकोन सुमारे ९४० ग्रॅम भरतो. छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, टार्गेटपाशी वेग धरा सेकंदाला १५० मीटर. प्लेट छर्ऱ्याच्या अठराशेपट जड, तर तिला मिळणारा वेगही साधारण अठराशेव्या हिश्श्याचा, सेकंदाला आठ सेंटीमीटर. ती जागच्या जागी थरथरते, लांबून काही कळत नाही. आता ७५ बाय ७५ बाय ६ मिमी घ्या. वजन २६५ ग्रॅम, वेग सेकंदाला तीस सेंटीमीटरच्या जवळ. ही प्लेट नीट टांगली असेल तर चांगला झोका घेते. ५० बाय ५० बाय ६ म्हणजे ११८ ग्रॅम. ती तर आडवी होण्यापर्यंत उडते. तोच ५० चा चौकोन ३ मिमीचा केला तर वजन साठ ग्रॅमच्या आत येतं आणि प्लेट दांडीभोवती कोलांटी मारते. पोरांना पहिल्या दिवशी याची मजा वाटते. पण प्लेट थांबेपर्यंत पुढचा शॉट घेता येत नाही, आणि उलटी वर आलेली असताना छर्रा लागला तर शिसं कुठेही उडतं. आपल्याकडे दुपारी समुद्रावरून वारा सुटतो तेव्हा या हलक्या प्लेटा आपोआपच नाचत राहतात, तो त्रास आणखी वेगळा.

म्हणून साध्या स्प्रिंगच्या रायफलला माझं सरळ उत्तर ६ मिमी. ५ मिमी पडलेला असेल तर तोही चालेल. साइज वाढली तरी जाडी वाढवू नका, कारण वजन आपोआप वाढतं. १०० बाय १०० बाय ६ चे ४७० ग्रॅम होतात. ती कमी हलते, पण आवाज छान देते आणि नवशिक्याला बरी पडते.

हे तुमच्या रायफलच्या ताकदीवर अवलंबून आहे, तेवढं लक्षात ठेवा. पुढेमागे हवेची टाकी असलेली, पीसीपी म्हणतात तसली, २० ज्यूलच्या जवळ जाणारी रायफल घेतलीत तर धक्का दुपटीच्या आसपास जाईल. मग ७५ च्या चौकोनाला ८ किंवा १० मिमी योग्य. उलट, रायफल अगदी मंद असेल किंवा एअर पिस्तूल असेल तर वेगळीच भानगड होते. छर्रा चपटा व्हायला पुरेसा वेग नसतो, आणि तो जवळजवळ अख्खाच्या अख्खा माघारी येतो. लोकांना वाटतं कमी ताकद म्हणजे कमी धोका. लोखंडावर मारताना कमी ताकदीची बंदूकच डोळ्याला जास्त त्रासाची ठरू शकते.

त्यासाठी दोन गोष्टी मी कोणालाही सोडू देत नाही. दहा मीटरच्या आत लोखंडावर मारायचं नाही. आणि मारणारा, बघणारा, मागे उभा राहून फोन बघणारा, सगळ्यांच्या डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटचा गॉगल. वेल्डिंगच्या दुकानात ग्राइंडिंगचे पारदर्शक गॉगल मिळतात, ते पॉलिकार्बोनेटचे आहेत का ते पाहून घ्या. काळ्या काचेचा वेल्डिंगचा गॉगल यासाठी नको. साध्या नंबरच्या चष्म्यावर भिस्त ठेवू नका. छर्रे फक्त शिशाचे. स्टीलचे गोल बीबी किंवा लोखंडी टोकाचे छर्रे प्लेटवर मारायचेच नाहीत. ते चपटे होत नाहीत, सरळ परत येतात.

आता साइज. इथे सगळे आधी प्लेट ठरवतात आणि मग ती अंतरावर नेऊन टांगतात. मी उलट करायला सांगतो. आधी मुलाला दहा मीटरवर, ज्या स्थितीत तो पुढे मारणार आहे त्याच स्थितीत, कागदावर दहा छर्रे मारू द्या. टेकवून मारलेला ग्रुप (भोकांचा पुंजका) आणि उभ्याने मारलेला ग्रुप यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, त्यामुळे टेबलावर टेकवून मोजलं आणि उभ्याने मारायला लावलं असं करू नका. दहा भोकांमधलं सगळ्यात लांबचं अंतर मोजा. समजा ते १०० मिमी आलं. तर त्याला दहा मीटरवर ७५ किंवा १०० ची प्लेट द्या. दहात सात-आठ लागले पाहिजेत. दहाच्या दहा लागत असतील तर शिकण्यासारखं काही उरत नाही, आणि तीनच लागत असतील तर पोर आठवड्यात रायफल भिंतीला टेकवून मोबाइल उचलतो.

मग तो सुधारला की लहान प्लेट करायची का? शक्यतो नाही. प्लेट मागे सरकवा. वीस मीटरवरची १०० ची प्लेट डोळ्याला दहा मीटरवरच्या ५० एवढीच दिसते. तुमच्याकडे पंचवीस मीटर आहेत, तेव्हा १००, ७५ आणि ५० या तीन साइज पुरतात, चौथी करण्यात अर्थ नाही. ज्यांना पुढे स्पर्धा डोक्यात आहे त्यांच्यासाठी एक माप देतो. दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेतल्या कार्डावर मधला काळा गोल ३०.५ मिमीचा असतो. तोच कोन ५० ची प्लेट साधारण सोळा मीटरवर देते. एअर पिस्तुलाचा काळा गोल ५९.५ मिमी, म्हणजे १०० ची प्लेट साधारण सतरा मीटरवर. जमिनीत खुंट्या मारून ती अंतरं कायमची ठरवून टाका.

पण लोखंडाला त्याच्या जागेवरच ठेवा. रायफलच्या कार्डावरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलीमीटरचा असतो. तिथे नेम कुठे गेला, डावीकडे ओढला की चाप झटका देऊन दाबला, हे कागदच सांगतो. प्लेट फक्त लागलं की नाही एवढंच सांगते. मी पोरांना आधी कागद, मग शेवटची पंधरा मिनिटं लोखंड असं देतो. दुर्बीण किंवा साइट नव्याने लावली असेल तर ती कागदावरच जुळवायची. प्लेटवर साइट जुळवत बसलेला माणूस डबाभर छर्रे संपवतो आणि शेवटी म्हणतो रायफलच खराब आहे.

आकाराबद्दलही बोलतो, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. कोंबडा करू का, खेकडा करू का, सुरमई करू का? धातूच्या कोंबड्या, डुकरं, टर्की, मेंढे मारण्याचा खेळ मेक्सिकोतून आला आणि जगभर गेला. एअर रायफलसाठी त्यांची एक-दशांश मापाची लहान रूपंही असतात, पण ती ठोकळ्यावर ठेवून पाडायची असतात, टांगायची नसतात. गॅसकटरने कापलेल्या खेकड्याच्या नांग्या म्हणजे नुसत्या कडा आणि कोपरे. छर्रा सपाट तोंडावर लागला तर शिसं कुठे जाणार हे ठरलेलं असतं, कडेवर लागला तर नाही. पोराला कोंबडा हवाच असेल तर चौकोनावर रंगाने काढून द्या.

टांगणं हा यातला सगळ्यात नाजूक भाग. छर्रा सपाट प्लेटवर आदळला की शिशाचे बारीक कण मुख्यतः प्लेटच्या तोंडालगत, सगळ्या बाजूंना पसरतात. प्लेट सरळ उभी असेल तर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. तिची वरची कड थोडी नेमबाजाकडे झुकवली, म्हणजे तोंड वीसेक अंश जमिनीकडे केलं, तर समोर येणाऱ्या बऱ्याचशा कणांची वाट खाली वळते. यासाठी स्प्रिंग किंवा विशेष बिजागरी काही लागत नाही. प्लेट मागच्या बाजूने टांगा, आपोआप झुकते. टांगण्याचा बिंदू प्लेटच्या मागे असला की प्लेटचं वजन त्या बिंदूच्या खाली यायला बघतं, खालची कड मागे जाते आणि वरची पुढे येते. पुष्कळ जण वर भोक पाडून साखळी पुढच्या बाजूला काढतात. तिथे नेमकं उलटं होतं. तोंड आकाशाकडे वळतं आणि शिसं वर उडतं.

मी करतो ते असं. ७५ च्या चौकोनाला मागून, वरच्या कडेला लागून, दोन टोकांना दोन एम१० चे नट वेल्ड करतो. नटाची एक सपाट बाजू प्लेटला चिकटलेली आणि भोक आडवं, वरच्या कडेला समांतर. त्यातून ८ मिमीची सळी आरपार जाते. नटाचं मध्य प्लेटच्या जाडीच्या मध्यापासून साधारण साडेअकरा मिमी मागे येतं आणि प्लेटचं मध्य तिथून एकोणतीस-तीस मिमी खाली. त्या हिशेबाने झुकाव वीस-एकवीस अंशांच्या आसपास येतो. ५० च्या चौकोनाला एम८ चे नट आणि ६ ची सळी. तिथे झुकाव थोडा जास्त पडतो, पण काही बिघडत नाही. १०० च्या प्लेटला नट आणि प्लेट यांच्यामध्ये ६ मिमीचा एक तुकडा घाला, नाहीतर प्लेट फारच सरळ राहते. नट झिंक प्लेटिंगवाले असतील तर वेल्ड करण्याआधी ग्राइंडरने पॉलिश उतरवा. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, काकांना हे माहीत असेलच. आणि दोन्ही नट सळीवर ओवूनच टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारा. वेगवेगळे वेल्ड केले की भोकं एका रेषेत येत नाहीत आणि प्लेट अडकते.

वरच्या सळीवरही छर्रे बसतात, आणि गोल सळीवरून छर्रा कुठेही सटकतो. म्हणून सळीच्या समोर पोफळीची एक रीप बांधा. छर्रा त्यात रुततो, रीप खराब झाली की दुसरी. दोन्ही बाजूंना जुन्या फळ्या उभ्या करा, आडवं उडणारं शिसं तिथे थांबतं.

आता काकांच्या भंगाराकडे येऊ. २ मिमीचा पत्रा फुटणार नाही, पण तो वाकतो. छर्ऱ्यामागून छर्रे खाऊन त्याची हळूहळू वाटी होते, आणि खोलगट तोंड शिसं गोळा करून मारणाऱ्याकडेच परत पाठवतं. तो नको. बिडाचं झाकण नको. बीड ठिसूळ असतं, त्याचे कपचे उडतात, शिवाय त्याच्यावर नक्षी असते आणि नक्षीच्या प्रत्येक उंचवट्याने छर्रा वेगळ्या दिशेला वळतो. ट्रकचे पाटे कठीण असतात पण बाक असलेले, आणि त्यांच्यावर वेल्ड केलं की तिथेच तडकतात. तेही बाजूला ठेवा. कोणी जुनं करवतीचं पातं आणून देईल, तेही घेऊ नका. खाणीच्या डंपरच्या किंवा जेसीबी बकेटच्या लायनरचे तुकडेही लोक दाखवतात. ते हार्डॉक्ससारखं कठीण, लवकर न झिजणारं पोलाद असू शकतं, पण एअर रायफलला त्याची गरज नाही, झिजून त्याचं तोंडही सपाट राहिलेलं नसतं.

१२ मिमीचे तुकडे मात्र टाकू नका. त्याची टार्गेटं करण्यापेक्षा छर्रे पकडायची पेटी करा. जाड प्लेट पंचेचाळीस अंशांवर मागे झुकलेली नको, पुढे झुकलेली लावा, म्हणजे तिच्यावर बसलेला छर्रा खाली पेटीत पडतो. कागदावरच्या सरावाला ही पेटी मागे ठेवली की भिंतीपर्यंत काही जातच नाही. काकांना जन्मभराचं जे हवं होतं ते इथे मिळेल.

गडग्याचं काय? चिरा तसा सच्छिद्र असतो, पण छर्रा त्याला टोचून थांबेलच असं नाही. कधी रुततो, कधी कोपऱ्यावरून वळतो. गडग्याच्या समोर वाळूची पोती रचा, आणि त्यांच्या पुढे हातभर अंतर सोडून जुनी जाड गोधडी सैल टांगा. ताणून बांधू नका, सैल कापड छर्ऱ्याची ताकद खातं. गडग्यापलीकडे पाणंद असेल, शेजाऱ्याच्या वाडीत माणसं असतील, तर पोती डोक्याच्या वर गेली पाहिजेत. वर तोंड करून सुटलेला छर्रा काही शे मीटर जाऊ शकतो. टार्गेट खाली, गुडघ्याच्या उंचीवर टांगा, म्हणजे चुकलेला नेमही बहुतेक मातीतच जाईल.

शिशाबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. प्लेटच्या खाली मोठा पत्र्याचा ट्रे ठेवा, त्यात दोन बोटं वाळू. शिसं त्यात पडतं आणि महिन्याला चाळून काढता येतं. आपली तांबडी माती आम्लधर्मी, वर वर्षाला तीन हजार मिमीच्या पुढे पाऊस. शिसं मातीत तसंच पडून राहिलं तर थोडं थोडं विरघळून पाझरू शकतं. म्हणून टार्गेट विहिरीजवळ नको, भाजीच्या वाफ्याजवळ नको, शेळ्या चरतात तिथे नको. मारून झालं की मुलाने साबणाने हात धुवायचे, मधे चिवडा खायचा नाही. आणि गोळा झालेलं शिसं घरी वितळवून जाळ्याला लावायची शिसं ओतायचा मोह धरू नका. किनाऱ्याच्या घरात हा विचार लगेच येतो. स्वयंपाकघरात किंवा पडवीत ते करू नये, वाफ आणि धूळ पोरांच्या पोटात जाते. भंगारवाल्याला द्या.

गंजाचं म्हणाल तर एमएस आपल्या खाऱ्या हवेत रात्रीतून तांबडं होतं, आणि होऊ द्या. ६ मिमीच्या प्लेटला गंजाने काही वर्षं तरी फरक पडत नाही. फरक पडतो तो सळी आणि नट जाम झाले की, कारण मग प्लेट हलत नाही. म्हणून सळी तेवढी स्टेनलेसची घ्या. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसची सळी समुद्राजवळ तपकिरी डाग धरते, पण जाम होत नाही. स्टेनलेस आणि लोखंड एकत्र आलं की लोखंड लवकर गंजतं हे खरं, पण इथे लोखंड मोठं आणि स्टेनलेस छोटं, त्यामुळे चालून जातं. उलटी जोडी, म्हणजे स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्याला लोखंडी बोल्ट, कधी करू नका. बोल्ट बघता बघता खाल्ला जातो.

रंग पांढरा किंवा पिवळा, स्प्रेचा पातळ हात. ऑइल पेंटचे थरावर थर देऊ नका, कपचे निघतात. सगळ्यात स्वस्त म्हणजे चुना. पाण्यात कालवून ब्रशने एक हात मारला की राखाडी ठिपके स्पष्ट दिसतात, परत हात मारला की प्लेट नवी. पावसात तो धुऊन जातो, पण पावसात टार्गेट बाहेर असायचं कारणही नाही. जूनच्या आधी सगळं मांगरात न्या, वाळूचा ट्रे आधी. तो बाहेर राहिला तर त्यातलं शिसं पाण्याबरोबर वाडीत जाईल.

आता पुढच्या रायफलबद्दल. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, तेव्हापासून घाटाखालचे लोकही मला .२२ च्या, म्हणजे काडतुसाच्या रायफलसाठी, प्लेट करून देता का विचारतात. मी घरासाठी करून देत नाही. एअर रायफल ४.५ मिमीपर्यंत बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही, .२२ ला लागतो. शिवाय .२२ ची गोळी शंभर ज्यूलच्या वर असते, छर्ऱ्याच्या दहा-वीसपट. तिथे एमएसवर खळगे पडायला लागतात, आणि खळगा पडलेल्या प्लेटवरून तुकडा सरळ माघारी येऊ शकतो. म्हणून तिथे ब्रिनेल ५०० च्या आसपासचं कठीण पोलाद वापरतात, आणि ते कापताना फार तापलं तर कडेला मऊ पडतं. ते रेंजचं काम आहे, घरामागच्या वाडीचं नाही. पाखरं, वानरं, शेतातले मोर यांच्यावर एअर रायफलही रोखायची नाही, हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगा. वानरांनी आंबा खाल्ला तरी.

खरेदी अशी करा. गोल डिस्क कापत बसू नका, चौकोनाने काही बिघडत नाही. स्टीलच्या दुकानात ६ मिमी जाडीची पट्टी तयार मिळते. ७५ बाय ६ ची मीटरला साडेतीन किलो, ५० बाय ६ ची दोन किलो तीनशेसाठच्या आसपास, १०० बाय ६ ची चार किलो सातशे. माल किलोवर देतात, तेव्हा वजन समोर करून घ्या. ७५ च्या मीटरभर पट्टीत कटिंग व्हीलचा माल जाऊन बारा-तेरा चौकोन निघतात, तुम्हाला तेवढे लागणारही नाहीत. सुरुवातीला १०० चे दोन, ७५ चे दोन, ५० चे दोन. कापल्यावर कडा ग्राइंडरने गोलसर करा, कोपऱ्यांचे टोक मोडा, आणि पुढच्या तोंडावर वेल्डचा एकही थेंब राहू देऊ नका. आधी १०० ची एकच टांगून दहा मीटरवर मारून बघा. छर्रा ट्रेमध्ये चपटा होऊन पडतोय की वाळूबाहेर उडतोय ते तपासा, आणि उडत असेल तर बाकीच्या पाचांचे नट लावण्याआधी झुकाव वाढवा.